एंडोमेट्रिऑसिस: हॉस्पिटलचा खर्च नेमका होतो कुठे?

एका बाईची हॉस्पिटलची फाईल डोळ्यांसमोर आणा. पोटाची सोनोग्राफी चारदा, चारही वेळा नॉर्मल. लघवीची तपासणी सहादा. जंतू सापडले नाहीत, तरी अँटिबायोटिकचे तीन कोर्स झालेले. एकदा मध्यरात्री अपेंडिक्सच्या शंकेनं कॅज्युअल्टीत आणलं, सीटी स्कॅन झाला, दोन दिवस सलाईन लागलं आणि 'पोटदुखी, कारण अस्पष्ट' असं लिहिलेलं डिस्चार्ज कार्ड हातात पडलं. पुढे पोटविकारतज्ज्ञांनी दुर्बिणीतून मोठं आतडं तपासलं, तेही स्वच्छ. सात-आठ वर्षांनी कुणीतरी विचारतं, "हे दुखणं पाळीच्या दिवसांत वाढतं का?" आणि त्या फाईलमध्ये पहिल्यांदा एक शब्द लिहिला जातो: एंडोमेट्रिऑसिस.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात १९ कोटींच्या आसपास मुली आणि स्त्रियांना हा आजार आहे. त्याचा हॉस्पिटलांवर किती आर्थिक बोजा पडतो, याचे आकडे अधूनमधून बातम्यांत येतात. ते वाचून समज असा होतो की ऑपरेशन महाग, म्हणून आजार महाग. ऑपरेशन महाग आहे यात वाद नाही. पण वरची फाईल पुन्हा पाहा. त्यातला एक पैसाही अजून ऑपरेशनवर गेलेला नाही.

या आजारावर होणाऱ्या खर्चाचा फार मोठा वाटा उशिरा झालेल्या निदानाचा आणि तुकड्या-तुकड्यांत झालेल्या उपचारांचा असतो. तो टाळता येतो, म्हणूनच नीट समजून घ्यायला हवा.

## आधी आजार काय आहे ते पाहू

गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं. दर महिन्याला ते जाड होतं आणि गर्भ राहिला नाही तर पाळीच्या रक्तावाटे गळून जातं. एंडोमेट्रिऑसिसमध्ये या अस्तरासारख्याच पेशी गर्भाशयाच्या बाहेर रुजतात. बीजकोषांवर, गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधल्या खोलगट जागेत, गर्भाशयाला मागून धरून ठेवणाऱ्या बंधांवर, आतड्यावर, मूत्राशयावर. क्वचित सिझेरियनच्या जुन्या व्रणात किंवा छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यावरही. महिन्याच्या हार्मोन्सना त्या पेशीही दाद देतात. त्या सुजतात, थोडं रक्त झिरपतं. गर्भाशयातल्या रक्ताला बाहेर जायला वाट असते, यांना नसते. मग आजूबाजूला सूज येते, व्रण धरतात, आणि शेजारचे अवयव एकमेकांना चिकटत जातात.

डॉक्टर याचे ढोबळ तीन प्रकार करतात. पोटाच्या आतल्या पातळ आवरणावरचे काही मिलिमीटरचे वरवरचे ठिपके हा पहिला. बीजकोषात जुनं रक्त साठून झालेली घट्ट तपकिरी द्रवाची गाठ हा दुसरा. तिला तिच्या रंगावरून चॉकलेट सिस्ट म्हणतात. आवरणाच्या खाली ५ मिलिमीटरपेक्षा जास्त शिरलेला खोल आजार हा तिसरा. खर्चाच्या दृष्टीनं हे तीन जणू वेगवेगळेच आजार आहेत. पहिला दिसत नाही म्हणून महाग पडतो, तिसरा काढायला अवघड म्हणून.

ऑपरेशनमध्ये दिसलेल्या आजाराला गुण देऊन पहिली ते चौथी अशी पायरी ठरवतात. ५ गुणांपर्यंत पहिली, ४०च्या वर गेलं की चौथी. पण पायरी आणि दुखणं यांचा मेळ बसत नाही. पहिल्या पायरीवरची मुलगी दर महिन्याला तीन दिवस अंथरुणाला खिळलेली असू शकते, आणि चौथ्या पायरीवरच्या बाईला आजाराचा पत्ता मूल राहत नाही म्हणून केलेल्या तपासणीत लागू शकतो. 'आजार किरकोळ आहे' हे शब्द रिपोर्टपुरते खरे असतात. ते दुखण्याला लावले की पुढचं सगळं चुकत जातं.

## निदान लागेपर्यंतची वर्षं

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १० देशांतल्या १६ केंद्रांमधल्या १,४१८ स्त्रिया होत्या. लक्षणं सुरू झाल्यापासून निदान लागेपर्यंत सरासरी ६.७ वर्षं गेली होती. ब्रिटनच्या संसदेतल्या सर्वपक्षीय गटानं २०२० मध्ये दहा हजारांहून जास्त रुग्णांना विचारलं, तेव्हा ५८ टक्के जणींनी निदानाआधी फॅमिली डॉक्टरांकडे दहा किंवा त्याहून जास्त खेपा घातल्याचं सांगितलं. ५३ टक्के जणींना इमर्जन्सी विभागात जावं लागलं होतं. आणि ब्रिटनमध्ये उपचार सरकारी खर्चानं होतात. म्हणजे या खेपांचा पैसा त्या व्यवस्थेनंच मोजला, फक्त आजाराचं नाव न घेता.

एवढा उशीर का होतो? पहिलं कारण घरातच असतं: पाळीत दुखायचंच, असं मुलीला लहानपणापासून सांगितलेलं असतं. दुसरं कारण, दुखणं दुसऱ्याच अवयवाचा वेश घेऊन येतं. आतड्याजवळचा आजार असेल तर शौचाला त्रास आणि पोटफुगी, मूत्राशयाजवळचा असेल तर लघवीला जळजळ आणि घाई. रुग्ण ज्या लक्षणाचं नाव घेते त्या विभागाकडे पाठवली जाते. प्रत्येक विभाग आपापल्या तपासण्या नेकीनं करतो, त्या नॉर्मल येतात, आणि कागदोपत्री तो विभाग मोकळा होतो. भिंतीला ओल येते म्हणून रंगारी बोलावला, मग गवंडी, मग विजेवाला. तिघांनी आपापलं काम चोख केलं, तिघांची मजुरी दिली, आणि भिंतीआडचा गळका पाइप कुणी पाहिलाच नाही, तसा हा प्रकार.

तिसरं कारण तांत्रिक आहे आणि ते थोडं सविस्तर पाहायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त मनस्ताप इथंच वाया जातो.

## सोनोग्राफी नॉर्मल कशी येते?

नेहमीची ओटीपोटाची सोनोग्राफी गर्भाशयाचा आकार, अस्तराची जाडी आणि बीजकोषातल्या गाठी पाहते. चॉकलेट सिस्ट तिच्यात बहुतेक वेळा दिसते: दुधी काचेतून पाहावं तशी एकसारखी राखाडी. पण वरवरचे ठिपके कोणत्याच सोनोग्राफीत, सीटी स्कॅनमध्ये किंवा एमआरआयमध्ये खात्रीनं दिसत नाहीत. आणि खोल आजार दिसण्यासाठी तो मुद्दाम शोधावा लागतो.

तो शोधतात कसा? योनिमार्गातून प्रोब घालून, दुसरा हात पोटावर ठेवून, हलका दाब देत गर्भाशयाच्या मागे पाहायचं. निरोगी पोटात गुदाशयाची पुढची भिंत गर्भाशयाच्या पाठीवरून सहज सरकताना पडद्यावर दिसते. ती सरकत नसेल, दोन्ही एकाच तुकड्यासारखे हलत असतील, तर मधली जागा चिकटलेली आहे. मग आतड्याच्या भिंतीत गडद, लांबट गाठ आहे का, बीजकोष जागच्या जागी अडकलेत का, प्रोबनं नेमकं कुठे दाबल्यावर दुखतं, हे पाहायचं. शेवटी दोन्ही मूत्रपिंडांवरून प्रोब फिरवायचा. हे शेवटचं पाऊल फार महत्त्वाचं आहे. आजार मूत्रवाहिनीला वेढून ती आवळू शकतो, वरचं मूत्रपिंड फुगतं आणि काहीही न दुखता निकामी होत जातं.

या तपासणीला नेहमीच्यापेक्षा वेगळं यंत्र लागत नाही. लागतो तो जास्तीचा वेळ आणि प्रशिक्षण घेतलेला हात. चिठ्ठीवर नुसतं 'ओटीपोटाची सोनोग्राफी' लिहिलं तर ही तपासणी होत नाही. 'खोल एंडोमेट्रिऑसिसची शंका, गुदाशयाचं सरकणं आणि मूत्रपिंडं पाहावीत' एवढं लिहिलं तर होण्याची शक्यता बरीच वाढते. चार साध्या सोनोग्राफींपेक्षा अशी एक स्वस्त पडते, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. ज्यांना योनिमार्गातून तपासणी नको असते किंवा शक्य नसते, त्यांच्यासाठी एमआरआय आहे.

रक्तातल्या सीए-१२५ या प्रथिनाच्या तपासणीवर खर्च करून निदान होत नाही. ते इतर अनेक कारणांनीही वाढतं आणि आजार असूनही नॉर्मल राहू शकतं.

अमेरिकेत विम्याच्या नोंदींवरून केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११ हजारांहून जास्त रुग्णांचे निदानाआधीच्या ५ वर्षांतले एकूण वैद्यकीय खर्च तपासले गेले. पहिल्या लक्षणापासून वर्षभरात निदान झालेल्यांचा सरासरी खर्च सुमारे २१,५०० डॉलर होता, एक ते तीन वर्षं लागलेल्यांचा सुमारे ३०,००० आणि तीन ते पाच वर्षं लागलेल्यांचा सुमारे ३४,५००. उशिरा निदान झालेल्यांच्या इमर्जन्सीतल्या खेपा आणि भरती होण्याचं प्रमाणही जास्त होतं. विमा कंपन्या या दोन ओळी भिंतीवर लावतील तर बरं.

## ऑपरेशन थिएटरमध्ये पैसे कुठे जातात?

दुर्बिणीच्या साध्या ऑपरेशनमध्ये बेंबीजवळून दुर्बीण आत जाते, कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, आणखी दोन-तीन ५ मिलिमीटरच्या छिद्रांतून हत्यारं जातात. वरवरचे ठिपके कापून किंवा जाळून काढतात. तासाभराच्या आसपासचं काम, आणि रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी.

खोल आजाराचं चित्र अगदी वेगळं असतं. दुर्बीण आत गेली की दिसतं, गुदाशय वर ओढला जाऊन गर्भाशयाच्या पाठीला घट्ट चिकटलाय. दोन्ही बीजकोष आपली जागा सोडून मध्यभागी एकमेकांना टेकलेत. मधली खोलगट जागा नाहीशीच झालीय. भिजून वाळलेल्या वहीची पानं कशी होतात? ओढली तर फाटतात; एकेक कडा शोधून, नख सरकवत सोडवावी लागतात. इथं पान फाटलं तर आतडं उघडतं.

म्हणून सर्जन चिकटलेल्या जागेला थेट हात घालत नाही. आधी वर, जिथं सगळं निरोगी आहे तिथं मूत्रवाहिनी शोधायची, मग तिच्या मागोमाग खाली यायचं आणि ती आजारापासून सुटी करायची. गुदाशयाच्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागा उघडायच्या आणि तिथून जाणाऱ्या, मूत्राशय चालवणाऱ्या नसा सांभाळायच्या. त्यानंतर गुदाशय गर्भाशयापासून सोडवायचा. आतड्यातल्या गाठीचं काय करायचं हा प्रश्न शेवटी येतो. गाठ वरच्या थरातच असेल तर तासून काढता येते. भिंतीत शिरलेली पण लहान असेल तर तेवढी चकती कापून काढतात. मोठी असेल, एकापेक्षा जास्त असतील किंवा आतडं अरुंद झालं असेल, तर आतड्याचा तेवढा तुकडाच काढून टोकं जोडावी लागतात.

आता याचं बिल वाचा. थिएटर एका तासाऐवजी तीन, चार, कधी सहा तास अडून राहतं, म्हणजे त्या दिवशीच्या इतर केसेस पुढे जातात. एकाऐवजी दोन किंवा तीन सर्जन: स्त्रीरोगतज्ज्ञ, आतड्याचे सर्जन, लागल्यास मूत्रविकारतज्ज्ञ. आतडं कापून जोडण्याची स्टेपलर यंत्रं बहुतेक एकदाच वापरायची असतात आणि एका केसला दोन प्रकारची लागू शकतात. मूत्रवाहिनीत नळी घातली तर ती काढायला पुन्हा एक भेट. काढलेल्या प्रत्येक तुकड्याची बायोप्सी. आतड्याचा तुकडा काढला असेल तर एका रात्रीऐवजी पाच-सात दिवस खाट.

एवढं करून काही बिघडलं तर? आतड्याच्या जोडातून गळती ही सगळ्यात भीतीदायक गुंतागुंत. पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत ताप, वाढलेली नाडी, पोटात वाढतं दुखणं अशी ती समोर येते. मग दुसरं ऑपरेशन, आयसीयू, काही महिन्यांसाठी पोटावर शौचाची पिशवी, आणि ती बंद करायला तिसरं ऑपरेशन. नसा दुखावल्या तर लघवी पूर्ण होत नाही, आणि रुग्णाला स्वतःच नळी घालून मूत्राशय रिकामं करायला शिकावं लागतं. अनुभवी टीमच्या हातून हे क्वचित घडतं, पण एकदा घडलं की मूळ ऑपरेशनचा खर्च त्यापुढे लहान वाटू लागतो.

## पण सगळ्यात महाग ऑपरेशन कोणतं?

अर्धवट राहिलेलं. साधी सिस्ट समजून पोट उघडलं किंवा दुर्बीण घातली, आत सगळं चिकटलेलं दिसलं, आतड्याचे सर्जन हजर नाहीत. मग चॉकलेट सिस्टमधला द्रव ओढून घेतला आणि टाके घातले. त्या वेळी तेवढंच करणं शहाणपणाचं असतं, कारण तयारीशिवाय आतड्याला हात लावणं धोक्याचं. चूक आधीच झालेली असते: तपासणी नीट न करता थिएटरची तारीख घेतली गेली. नुसता द्रव काढलेली सिस्ट बहुधा पुन्हा भरते. भूल, खाट, थिएटर यांचा पूर्ण खर्च झाला, आजार होता तिथं आहे, आणि पुढच्या सर्जनला मूळ चिकटलेपणावर पहिल्या ऑपरेशनचे नवे व्रणही सोडवायचे आहेत.

सिस्ट नीट काढतानाही एक किंमत मोजावी लागते. तिचं आवरण बीजकोषाला चिकटलेलं असतं आणि ते सोलताना थोडा निरोगी भागही जातो. बीजांचा साठा घटतो. त्याच बीजकोषावर दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं तर आणखी घटतो, आणि मग टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांचा खर्च हिशेबात शिरतो. म्हणून मूल हवं असलेल्या बाईची, विशेषतः दोन्ही बाजूंना गाठी असतील तर, एएमएच ही बीजसाठा दाखवणारी रक्ततपासणी ऑपरेशनच्या आधी झालेली असावी. नंतर केली तर ऑपरेशनचा निर्णय घ्यायला तिचा उपयोग नाही.

चांगल्या ऑपरेशननंतरही आजार परततो. २००९ मध्ये आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात दोन वर्षांत साधारण पाचातल्या एकीला आणि पाच वर्षांत ४० ते ५० टक्के जणींना तो परत आल्याचं दिसलं. यावर एक साधा, तुलनेनं स्वस्त उपाय आहे आणि तो वारंवार विसरला जातो. लगेच मूल नको असेल तर ऑपरेशननंतर किमान १८ ते २४ महिने हार्मोन्सचा उपचार चालू ठेवावा, असं युरोपच्या ईएसएचआरई या प्रजननवैद्यकाच्या संस्थेची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. गोळ्या असतील किंवा गर्भाशयात बसवायची, लिव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी वस्तू असेल. डिस्चार्ज कार्डावर पाच दिवसांच्या अँटिबायोटिकची नोंद हमखास असते; या दोन वर्षांच्या उपचाराची ओळ मात्र राहून जाते. त्या एका ओळीअभावी कितीतरी दुसरी ऑपरेशनं होतात.

## आकड्यांत मांडायचं तर

खर्च दोन प्रकारचा असतो. थेट खर्च म्हणजे डॉक्टर, तपासण्या, औषधं, ऑपरेशन, खाट. अप्रत्यक्ष खर्च म्हणजे बुडालेलं काम. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एंडोकॉस्ट या अभ्यासात १० देशांतल्या १२ केंद्रांमध्ये उपचार घेणाऱ्या ९०९ स्त्रियांचा हिशेब मांडला होता. एका स्त्रीमागे वर्षाला सरासरी ९,५७९ युरो. त्यातले ३,११३ युरो वैद्यकीय खर्चाचे, आणि त्याच्या दुप्पट, ६,२९८ युरो, बुडालेल्या कामाचे. वैद्यकीय खर्चात ऑपरेशनचा वाटा २९ टक्के, तपासण्यांचा १९, हॉस्पिटलात राहण्याचा १८ आणि डॉक्टरांच्या भेटींचा १६ टक्के निघाला. म्हणजे ज्या ऑपरेशनला आपण सगळा दोष देतो, त्याचा वाटा वैद्यकीय खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी.

ऑस्ट्रेलियातल्या २०१९च्या अभ्यासातही ७५ ते ८४ टक्के बोजा बुडालेल्या कामाचाच होता. आणि हे बुडणं म्हणजे नुसती रजा नव्हे. वर उल्लेखलेल्या २०११च्या अभ्यासात प्रत्येकीचे आठवड्याला सरासरी १०.८ तास वाया जात होते, आणि त्यातला मोठा भाग कामावर हजर राहून, पण दुखण्यामुळे काम न होण्याचा होता. त्या तासांची हजेरीपटावर खूण राहत नाही.

एक सावधगिरी. एंडोकॉस्टमधल्या स्त्रिया मोठ्या, तज्ज्ञ केंद्रांत पोहोचलेल्या होत्या, म्हणजे बहुधा जास्त त्रास असलेल्या. ९,५७९ला १९ कोटींनी गुणून मथळा करणं चुकीचं आहे.

## हॉस्पिटलच्या हिशेबात हा खर्च दिसत का नाही?

प्रत्येक भेटीला आजाराचा एक संकेतांक दिला जातो. जगभर वापरल्या जाणाऱ्या आयसीडी-१० यादीत एंडोमेट्रिऑसिसचा संकेतांक एन८० आहे. पण निदान होईपर्यंत तो लागतच नाही. तीच बाई एकदा आर१०.२ खाली नोंदली जाते, म्हणजे ओटीपोटातलं दुखणं, एकदा एन९४.६ खाली, म्हणजे पाळीतलं दुखणं; पुढे एन९७ खाली, म्हणजे वंध्यत्व. वर्षअखेरीस हॉस्पिटल 'एन८०वर किती खर्च झाला' हा प्रश्न आपल्या संगणकाला विचारतं, तेव्हा उत्तरात फक्त शेवटची पानं येतात. आधीची आठ वर्षं दुसऱ्याच खात्यांत पडून असतात. एका रुग्णाच्या सगळ्या भेटी एका क्रमांकाखाली जोडून, निदानाच्या तारखेपासून मागे जात मोजल्याशिवाय खरा खर्च कळत नाही.

दुसरी अडचण पॅकेजची. जिथं प्रत्येक ऑपरेशनला ठरावीक रक्कम मिळते, तिथं तासाभराचं साधं ऑपरेशन आणि पाच तासांचं खोल आजाराचं ऑपरेशन एकाच दरात बसवलं असेल, तर दुसरं करणारं हॉस्पिटल प्रत्येक केसमागे तोटा सोसतं. मग नकळत कल कशाकडे झुकतो? लहान ऑपरेशन, पुन्हा लहान ऑपरेशन. कागदावर दोन्ही किफायतशीर, आणि आजार जागच्या जागी.

## "पाळीत सगळ्यांनाच दुखतं, मग सगळ्यांनाच तपासायचं का?"

नाही. साध्या वेदनाशामक गोळीनं थांबणारं, शाळा किंवा काम न बुडवणारं दुखणं वेगळं. गोळी घेऊनही दर महिन्याला दिवस बुडतात, पाळीत शौचाला किंवा लघवीला दुखतं, संबंधांच्या वेळी आत खोलवर दुखतं, पाळी नसतानाही ओटीपोट दुखत राहतं, किंवा मूल राहत नाही. यांपैकी काही असेल तर शंका घ्यायची. आणि शंका घेणं म्हणजे ऑपरेशन करणं नव्हे. पूर्वी दुर्बीण घालून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय निदान मानलं जात नसे. २०२२च्या त्याच युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी हे बदललं: दुर्बीण आता फक्त तेव्हाच, जेव्हा तपासण्यांत काही दिसत नाही किंवा हार्मोन्सचा उपचार लागू पडत नाही. लक्षणं, हातानं केलेली तपासणी आणि नीट केलेली सोनोग्राफी यांवर उपचार सुरू करता येतो. निदानासाठी म्हणून होणारी कितीतरी ऑपरेशनं यानं वाचतात.

## "गर्भाशय काढून टाकलं की एकदाचा प्रश्न मिटेल ना?"

आजार गर्भाशयाच्या बाहेर आहे, हे एवढ्यासाठीच आधी सांगितलं. आतड्यावरची गाठ ठेवून गर्भाशय काढलं तर पाळी थांबेल, गाठ राहील. बीजकोष ठेवले तर त्यांची हार्मोन्स तिला पोसत राहतात. बीजकोषही काढले तर कमी वयात रजोनिवृत्ती येते. हाडं आणि हृदय सांभाळायला रजोनिवृत्तीच्या नेहमीच्या वयापर्यंत बाहेरून हार्मोन्स द्यावी लागतात, तो खर्च वेगळाच. मूल नको असलेल्या, इतर उपायांनी आराम न पडलेल्या काही जणींना गर्भाशय काढल्यानं खरोखर बरं वाटतं, पण त्याच वेळी दिसणारा सगळा आजारही काढला असेल तर. मूल झालं की आजार बरा होतो, हा सल्ला तर उपचार म्हणून कुणी देऊच नये.

## "गोळ्यांनी भागत असेल तर ऑपरेशन हवंच कशाला?"

बऱ्याच जणींना नकोच असतं. डायनोजेस्ट या हार्मोनची रोजची २ मिलिग्रॅमची गोळी किंवा गर्भनिरोधक गोळ्या यांवर अनेकींचं दुखणं वर्षानुवर्षं आटोक्यात राहतं. मात्र हार्मोन्स आजार दाबतात, पुसत नाहीत. आणि ती चालू असताना सहसा गर्भ राहत नाही, म्हणून मूल हवं असेल तेव्हा त्यांचा उपयोग नाही. मूत्रवाहिनी किंवा आतडं आवळलं जात असेल, गाठ संशयास्पद दिसत असेल किंवा औषध सोसवत नसेल, तर ऑपरेशन लांबवणं महागात पडतं.

उलट बाजूही आहे. वर्षानुवर्षं दुखलं की नसा आणि मेंदू वेदनेला सरावण्याऐवजी जास्तच हळवे होतात, ओटीपोटाचे स्नायू कायमचे आखडतात. अशा वेळी आत आजार उरलेला नसतानाही दुखत राहतं. तिथं चौथ्यांदा दुर्बीण घालण्यापेक्षा ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी आणि वेदनातज्ज्ञांचा उपचार जास्त उपयोगी ठरतो, आणि त्याचा खर्च थिएटरपेक्षा कितीतरी कमी असतो.

## "तज्ज्ञ केंद्रं उभारणं हाच केवढा खर्च!"

वेगळी इमारत लागत नाही. लागतात एकमेकांशी बोलणारी माणसं: खोल आजाराचा अनुभव असलेले स्त्रीरोगतज्ज्ञ, आतड्याचे सर्जन, रेडिओलॉजिस्ट, वेदनातज्ज्ञ आणि रुग्णाचा फोन उचलणारी एक खास नर्स. ब्रिटनमध्ये मान्यताप्राप्त केंद्रातल्या सर्जननं वर्षाला किमान १२ गंभीर केसेस कराव्या लागतात, कारण वर्षातून दोनदा हे ऑपरेशन करणाऱ्याचा हात त्यात बसत नाही. सोप्या केसेस जवळच्या डॉक्टरांकडे आणि अवघड मोजक्या केंद्रांकडे, ही वाटणी झाली की दोन्हीकडचा खर्च उतरतो. ऑस्ट्रेलियानं २०१८ मध्ये राष्ट्रीय आराखडा केला, फ्रान्सनं २०२२ मध्ये राष्ट्रीय धोरण जाहीर केलं.

## रुग्णाच्या हातात काय आहे?

तीन पाळ्यांची वही. रोज एक ओळ पुरे: पाळीचा कितवा दिवस, दुखणं ० ते १० मध्ये किती, कुठे, कोणती गोळी घेतली आणि ती किती तास टिकली, शौचाला-लघवीला त्रास झाला का, काम बुडलं का. 'खूप दुखतं' यावर डॉक्टर गोळी लिहितात. 'तीन महिन्यांत अकरा दिवस बुडाले, पाळीच्या दुसऱ्या दिवशी शौचाला ८' यावर ते पुढची तपासणी लिहितात.

ऑपरेशन सुचवलं तर तारीख घेण्याआधी विचारायचं: आतड्यावर आणि मूत्रवाहिनीवर आजार आहे का हे पाहिलं का? मूत्रपिंडं तपासली का? आत जास्त निघालं तर त्याच वेळी काढणार की थांबणार? आतड्याचे सर्जन त्या दिवशी हजर असतील का? आणि नंतर हार्मोन्स कोणती, किती दिवस?

ऑपरेशननंतर घरी जाताना डिस्चार्ज कार्डासोबत तीन गोष्टी मागून घ्यायच्या. आजार कुठे-कुठे दिसला, काय काढलं आणि काय मागे ठेवलं हे लिहिलेली ऑपरेशनची पूर्ण नोंद. दुर्बिणीतून काढलेले फोटो किंवा व्हिडिओ. आणि बायोप्सीचा रिपोर्ट. काही वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांसमोर बसायची वेळ आलीच, तर 'काय मागे ठेवलं' ही एक ओळ वाचून त्यांना कळतं की पुन्हा दुर्बीण घालायची गरज आहे की नाही.